जोडीचा फॉर्म

चाळीस वर्षं मी कूलर दुरुस्त केले.
नंदनवन, हसनबाग, मानेवाडा, पार हुडकेश्वरपर्यंत
सायकलच्या कॅरियरला वाळ्याच्या ताट्या बांधून.
पंप हातात घ्यायच्या आधी
कान लावायचो.
गाळ अडकला तर एक आवाज,
बुश झिजलं तर दुसरा.
कोरडा चालणारा पंप मात्र फसवतो,
काही न बोलता गरम होत राहतो.

मला वाटायचं, छातीत काही बिघडलं
तर मला कळेलच.

समाजभवनात साठीच्या पुढच्यांसाठी शिबिर होतं.
बीपी, शुगर, ईसीजी, लागलाच तर इको.
भिंतीवर कुणाच्या तरी लग्नाच्या झालरी तशाच,
सतरंजीवर हळदीचे डाग.
जिना चढताना मला दम लागतो, हे गल्लीभर माहीत.
वच्छला नुसती पिशवी धरायला आलेली.
पिशवीत माझी जुनी फाईल, पाण्याची बाटली
आणि डब्यात सोललेलं एक संत्रं.

टेबलाशी बसलेला पोरगा म्हणाला,
काका, जोडीनं केलं तर फॉर्म एकच, इको फुकट.
"मले कायले? मी तं धडधाकट आहो बापा."
"फुकट आहे नं," मी म्हणालो.
एवढंच. काळजी वगैरे काही नाही.
कोष्ट्याच्या घरात फुकटचा धागा कोणी टाकत नाही.

माझा कागद आधी निघाला.
डॉक्टर पोरगी म्हणाली, वयाच्या मानानं ठीक,
वजन उतरवा, सावजी बंद.
मी मान हलवली.
रविवारचं ती काही बोलली नव्हती.

मग पडद्यामागून सय्यदचा आवाज,
"काकू, पाटल्या काढाव्या लागतील."
"निघत नाईत जी. साबण लावूनबी नाई."
"बरं, वर सरकवा."
थंड जेलचं एक "अगं माय".
नंतर बराच वेळ काहीच नाही.

डॉक्टर बाहेर आली ती माझ्याकडे न पाहता.
"आजी, पूर्वी कधी अटॅक येऊन गेलाय?"
"नाई."
"छातीत दाबल्यासारखं? घाम? हातात कळ?"
वच्छला पदर सारखा करत होती.
"ते तं एकदा. आमच्या वैजूच्या लग्नात.
कढईपाशी उभी होती, डावा हात भरून आला.
वाटलं, गॅस झाला असंन.
सोडा पेला अन् पुऱ्या लाटल्या."

किती, ते तिनं सांगितलं नाही.
पानं दीडशे उठली होती.

मे महिना. मी मांडवात होतो.
आठ कूलर लावले होते, आठही चालू.
व्याही म्हणाले, असा गारवा कुठं पाहिला नाही.
स्वयंपाकाकडे एकही नव्हता.
तिथवर वायर पुरली नव्हती.

डॉक्टरनं पडदा आमच्याकडे वळवला.
करडं, धुरकट, उघडझाप करणारं वच्छलाचं काळीज.
खालचा एक कोपरा
बाकी सगळं हलताना हलत नव्हता.
"एवढा भाग तेव्हा गेला. उरलेलं हृदय
तेव्हापासून त्याचंही काम ओढतंय."
सय्यदनं आवाज वाढवला,
ओल्या ताटीतून हवा यावी तसा,
फुस्स, फुस्स.
सवयीनं माझी मान तिरपी झाली.
अकरा वर्षं हा आवाज माझ्या उशीशी होता
आणि मी रेडिओ लावून झोपायचो.

गोळ्या दिल्या. सोमवारी सुपरला जा म्हणून चिठ्ठी दिली.
ऑटोत ती म्हणाली,
"संत्रं खाऊन घ्या, सुकून जाईन."
अर्धं मी खाल्लं, बिया मुठीत धरून बसलो.

घरी आल्यावर टेप काढली,
बैठकीतल्या बोर्डापासून ओट्यापर्यंत वायर मोजली.
"फेब्रुवारीत कूलर कायले?" ती म्हणाली.
मी म्हणालो, टेपचं ते टोक धर जरा.
मग म्हणालो, नको, तू बस.
साडेचार मीटर.